जुन्या सीडीतली नवी साम्राज्ये

विंडोज ७ आल्यावर ज्यांनी हौसेने जुनी सीडी काढून ‘एज ऑफ एम्पायर्स २’ पुन्हा संगणकावर बसवला, त्यांना पडद्यावर भलतेच जग दिसले. गवत लाल, पाणी जांभळे. खेळात मात्र काहीही बिघडलेले नव्हते. तो बनला त्या काळी पडद्यावर एका वेळी २५६ रंग दाखवण्याची पद्धत सर्रास होती आणि ते रंग कोणते, याची यादी खेळ स्वतः विंडोजला देत असे. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप सांभाळणारा एक्सप्लोरर हा प्रोग्राम त्या यादीत मध्येच हात घाली आणि रंगांचे क्रमांक विस्कटत. यावर चाहत्यांनी शोधलेला उपाय धाडसाचाच होता. खेळ सुरू करण्याआधी एक्सप्लोररच बंद पाडायचा. डेस्कटॉपवरची चित्रे, खालची पट्टी, सगळे नाहीसे झाले की निवांत खेळायचे आणि खेळ संपला की एक्सप्लोररला परत उठवायचे. दोनतीन ओळींची एक बॅच फाइल हे सगळे करी आणि ती हातोहाती जगभर फिरली. मूळ निर्मात्यांकडून दुरुस्ती येण्याची आशा नव्हती, कारण तोवर ते निर्मातेच उरले नव्हते.

हा खेळ अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या एन्सेम्बल स्टुडिओजने बनवला आणि मायक्रोसॉफ्टने ३० सप्टेंबर १९९९ रोजी बाजारात आणला. टोनी गुडमन यांनी उभ्या केलेल्या या स्टुडिओत ब्रूस शेली होते; सिड मायर यांच्याबरोबर ‘सिव्हिलायझेशन’ हा गाजलेला खेळ रचणारे तेच शेली. ‘एज ऑफ किंग्ज’ असे उपनाव असलेल्या या दुसऱ्या भागात मध्ययुगातल्या १३ संस्कृती होत्या. हाताशी मोजके गावकरी आणि एक टेहळणी करणारा घोडेस्वार घेऊन सुरुवात करायची, लाकूड, अन्न, सोने आणि दगड गोळा करायचे, अंधारयुगापासून साम्राज्ययुगापर्यंत चार पायऱ्या चढायच्या आणि शेजाऱ्याचा किल्ला पाडायचा. पुढच्याच वर्षी ‘द कॉन्करर्स’ या पुरवणीने अझ्टेक, माया, हूण, कोरियन आणि स्पॅनिश अशा पाच संस्कृतींची भर घातली आणि आकडा १८ झाला. पुण्यामुंबईच्या सायबर कॅफेंत आणि इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत लॅनवर जो खेळ रात्ररात्र चाले, तो बहुधा हाच. ‘हाऊ डू यू टर्न धिस ऑन’ असे टाइप केले की भाले-तलवारींच्या गर्दीत गोळ्या झाडणारी कोब्रा मोटार अवतरते, हे ज्यांना अजून आठवते ते त्या पिढीचे.

पुढे घसरण सुरू झाली. इंटरनेटवर प्रतिस्पर्धी मिळवून देणारी मायक्रोसॉफ्टची ‘झोन’ ही सेवा २००६ मध्ये या खेळासाठी बंद झाली. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एन्सेम्बलला टाळे लावले. खेळाडू आधी आयजीझोन्स आणि नंतर वूब्ली या चाहत्यांनी चालवलेल्या ठिकाणी जमू लागले. एरवी दहा वर्षांच्या खेळाची कथा इथेच संपायची. ती का संपली नाही, हे समजायचे तर खेळाच्या पोटात शिरून पाहायला हवे.

नव्वदीच्या दशकात बहुतेकांचे इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचे आणि २८.८ किलोबिटचा मोडेम चांगला समजला जायचा. सेकंदाला जेमतेम साडेतीन हजार अक्षरे, तीही नीट लाइन मिळाली तर. पडद्यावर मात्र आठ खेळाडूंच्या फौजा. प्रत्येक सैनिक कुठे आहे, कोणीकडे तोंड करून उभा आहे, किती जखमी आहे, ही माहिती त्या तारेतून सतत पाठवायची म्हटली, तर फार तर २५० हलती माणसे पेलतील, असा हिशेब एन्सेम्बलच्या प्रोग्रामरांनी मांडला होता. त्यांना दीड हजार धनुर्धर एकदम लढवायचे होते.

एन्सेम्बलच्याच मार्क टेरानो आणि पॉल बेटनर यांनी २००१ साली लिहिलेल्या निबंधात यावरची युक्ती सविस्तर सांगितली आहे. पोस्टकार्डावरून बुद्धिबळ खेळणारे दोघे एकमेकांना अख्खा पट पाठवत नाहीत. फक्त चाल कळवतात आणि आपापल्या घरातल्या पटावर ती करून पाहतात. या खेळातही आठही संगणकांवर आठ स्वतंत्र जगे चालू असतात आणि तारेतून फक्त हुकूम जातात: अमुक धनुर्धरांनी तमुक जागी जावे, अमुक गावकऱ्याने तमुक झाड तोडावे. साधारण २०० मिलिसेकंदांचा एक डाव धरायचा आणि आत्ता दिलेला हुकूम दोन डावांनंतर सगळीकडे एकदम अमलात आणायचा, म्हणजे तो दूरच्या यंत्रापर्यंत पोचायला अवधी मिळतो. एवढा उशीर माणसाला जाणवेल, अशी भीती होती. चाचण्यांत आढळले की पाव सेकंदापर्यंतचा विलंब लक्षातही येत नाही आणि अर्ध्या सेकंदापर्यंतचा चालवून घेतला जातो. पण कधी लवकर, कधी उशिरा असे झाले की खेळाडू वैतागतात. म्हणून त्यांनी वेगापेक्षा एकसारखेपणाला जास्त जपले.

या पद्धतीची अट फार कठोर आहे. आठही जगे अगदी तंतोतंत सारखी चालली पाहिजेत. बाण लागला की हुकला हे ठरवणारे ‘यादृच्छिक’ आकडेसुद्धा सगळीकडे एकाच बीजातून, एकाच क्रमाने निघाले पाहिजेत. नकाशा तयार होताना एखाद्या यंत्रावर एखादे हरीण किंचित वेगळ्या कोनात उभे राहिले, तर ते जरा वेगळीकडे चरायला जाते. काही मिनिटांनी त्याच्या मागे गेलेल्या गावकऱ्याचा भाला एका जगात लागतो, दुसऱ्यात हुकतो. एका घरी मांस येते, दुसऱ्या घरी येत नाही. मग दोन जगांचा मेळ तुटतो आणि खेळ तिथेच थांबतो. खेळाडू त्याला ‘आउट ऑफ सिंक’ म्हणतात आणि ते शब्द ऐकून आजही चेहरे पडतात. त्या हरणाचे उदाहरण निबंधकारांनीच दिले आहे. असली चूक पकडायला त्यांना ५० मेगाबाइटच्या नोंदी चाळाव्या लागत.

याच रचनेमुळे एक गंमत साधते. झालेल्या सामन्याची नोंद ठेवायला चित्रफीत लागत नाही. कोणत्या क्षणी कोणता हुकूम दिला, एवढेच साठवले की पुरे. तासाभराच्या घनघोर लढाईची फाइल त्यामुळे अगदी लहान असते, आणि ती उघडली की लढाई तिथे पुन्हा प्रत्यक्ष लढली जाते. पण नियमांत बारीकसाही बदल करून खेळाची नवी आवृत्ती निघाली, तर जुन्या नोंदीतले हुकूम नव्या जगात लढाई भलतीकडे नेतात. जुने सामने पाहायला जुनीच आवृत्ती लागते.

खेळात फेरफार करणाऱ्या मॉडरांचे सगळे जगणेही याच अटीने बांधलेले आहे. नुसती चित्रे बदलणारे मॉड खाजगी असतात. माझ्या पडद्यावर झाड कसे दिसते याचा हुकुमांशी संबंध नसतो, म्हणून मी ते हवे तसे बदलू शकतो. सर्वांत लाडक्या मॉडांपैकी एक म्हणजे ‘लहान झाडे’: घनदाट अरण्य खुज्या झुडपांसारखे करून टाकायचे, म्हणजे त्यामागे लपलेले सैनिक आणि पुढे सरकलेले लाकूडतोडे स्पष्ट दिसतात. दुसरा म्हणजे जमिनीवर चौकटी आखणारा, ज्याने इमारती नेमक्या जागी बसवता येतात. सौंदर्यदृष्टीने दोन्ही मॉड म्हणजे अत्याचार, पण अट्टल खेळाडूंना सौंदर्य नको, माहिती हवी. याउलट सैनिकाची ताकद, घोड्याची किंमत, बाणाचा पल्ला असे काही बदलायचे असेल, तर खेळणाऱ्या प्रत्येकाकडे तीच बदललेली फाइल हवी. नाही तर मेळ तुटलाच.

एन्सेम्बलने काही दारे मुद्दाम उघडी ठेवली होती. स्वतःचे प्रसंग रचण्यासाठी संपादक खेळातच होता. त्यातून मूळ निर्मात्यांच्या स्वप्नातही नसलेले खेळ जन्मले. ‘कॅसल ब्लड ऑटोमॅटिक’मध्ये शेती नाही, लाकूडतोड नाही, किल्ल्यातून सैनिक आपोआप बाहेर पडत राहतात आणि खेळाडूने फक्त लढायचे. नकाशेही साध्या मजकुराच्या फाइलींतून तयार होत: किती जमीन, कुठे डोंगर, किती जंगल, सोन्याच्या खाणी घरापासून किती लांब, हे ओळीने लिहायचे आणि प्रत्येक सामन्याला त्या नियमांत बसणारा नवा नकाशा मिळायचा. संगणकाच्या बाजूने लढणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची बुद्धीसुद्धा मजकुरातच लिहिलेली होती. अमुक स्थिती असेल तर अमुक करा, अशा नियमांची लांबलचक माळ नोटपॅडमध्ये उघडून कोणालाही नवा सेनापती घडवता येई. मूळ सेनापतीला अवघड पातळीवर फुकटचा साठा मिळे, ही त्याची लबाडी होती. चाहत्यांनी लिहिलेले कित्येक सेनापती कोणतीही लबाडी न करता त्याला धूळ चारू लागले.

बाकीची दारे चाहत्यांनी स्वतः उघडली. खेळातली चित्रे आणि आवाज ‘डीआरएस’ नावाच्या गठ्ठ्यांत बांधलेले असत. या गठ्ठ्यांना कुलूप नव्हते. सुरुवातीला एन्सेम्बलच्या स्वामित्वहक्काची १९९७ सालची एक ओळ आणि मग आत काय काय आहे त्याची सरळ यादी. चित्रांच्या बाबतीत निर्मात्यांनी केलेली काटकसर पाहण्यासारखी आहे. प्रत्येक सैनिक आठ दिशांना तोंड करू शकतो, पण चित्रे पाचच दिशांची साठवलेली असतात; उरलेल्या तीन दिशांसाठी तीच चित्रे आरशातल्यासारखी उलटवतात. म्हणून उजव्या हाताने तलवार चालवणारा शिपाई वळला की डावखुरा होतो आणि ढालही हात बदलते. आठ खेळाडूंच्या आठ रंगांसाठीही वेगळी चित्रे नाहीत. कपड्याचा तेवढा भाग ‘इथे मालकाचा रंग’ अशा खुणेने राखून ठेवलेला असतो. आणि कोणत्या संस्कृतीला कोणते सैनिक, कोणते शोध, किती आयुष्य, किती मारा, हे सारे एका मोठ्या ‘डॅट’ फाइलमध्ये दाबून भरलेले होते. चाहत्यांनी तिची घडी उलगडली आणि ती बदलण्यासाठी स्वतःची अवजारे लिहिली.

तरी एक भिंत उरत होती. संस्कृती बदलता येत, वाढवता येत नसत. त्यांची संख्या मुख्य प्रोग्राममध्येच पक्की केलेली होती, आणि त्याची मूळ संहिता मायक्रोसॉफ्टकडे. नवी संस्कृती हवी तर जुनी एखादी पुसून तिच्या जागी बसवायची. मग काहींनी तयार प्रोग्रामच्या यंत्रभाषेत शिरून थेट तिथेच दुरुस्त्या केल्या. त्यातूनच ‘यूजरपॅच’ आला. त्याने जांभळे पाणी पुन्हा निळे केले, रुंद पडद्यांची सोय केली आणि सेनापती लिहिणाऱ्यांना नव्या आज्ञा दिल्या. मोबदल्याशिवाय, संहिता न पाहता, दुसऱ्याच्या बंद प्रोग्रामवर केलेले हे काम अभियांत्रिकीच्या दृष्टीने या सगळ्या कथेतले सर्वांत कठीण काम असावे, असे मला वाटते.

डिसेंबर २०१२ मध्ये ‘फरगॉटन एम्पायर्स’ हा मॉड आला. बर्ट बेकमन यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांतल्या हौशी मंडळींनी इंटरनेटवरूनच एकत्र काम करून पाच नव्या संस्कृती घडवल्या होत्या: इटालियन, इंका, मग्यार, स्लाव आणि भारतीय. जुनी एकही पुसलेली नव्हती. सोबत नवे नकाशे, नव्या मोहिमा. तो फुकट होता, पण चालायला सीडीवरचा ‘कॉन्करर्स’ लागे.

तीनच महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की जुना खेळ ‘एचडी’ रूपात स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात येतो आहे. काम हिडन पाथ एंटरटेनमेंट या स्टुडिओकडे होते आणि ९ एप्रिल २०१३ रोजी तो विक्रीला आला. मोठ्या पडद्यांवर तो नीट दिसे, पाणी हलू लागले, विस्तवाच्या ज्वाळा सुधारल्या. शिवाय स्टीम वर्कशॉप मिळाले. आजवर इकडून तिकडून उतरवून, फाइली हाताने योग्य जागी टाकून, प्रार्थना करून चालवायचे मॉड आता एका कळीसरशी लागू लागले. सीडी हरवलेल्या, सीडीचा ड्राइव्हच नसलेल्या लाखोंना खेळ परत मिळाला.

जाणत्यांना मात्र तो रुचला नाही. एचडी म्हणजे जुन्याच घोड्यावरचे नवे खोगीर होते. आत तेच १९९९चे इंजिन, आणि इंटरनेटवरचा सामना जुन्या खेळापेक्षा जास्त अडखळत चाले. मेळ तुटण्याच्या तक्रारी थांबेनात. स्पर्धेत उतरणारे खेळाडू वूब्लीवरच्या जुन्या सीडी-आवृत्तीला, यूजरपॅचसह, चिकटून राहिले. सलग काही वर्षे एकच खेळ दोन गावांत राहत होता.

मायक्रोसॉफ्टने इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. मॉडरांवर नोटिसा धाडण्याऐवजी त्यांनाच कामाला घेतले. त्यांचा मॉड झाडूनपुसून, चित्रे नव्याने काढून, समतोल सुधारून ७ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘द फरगॉटन’ नावाने अधिकृतपणे विक्रीला आला. ‘कॉन्करर्स’नंतर १३ वर्षांनी आलेली ही पहिली अधिकृत पुरवणी, आणि ती चाहत्यांनी लिहिलेली. पुढे याच मंडळींच्या हातून २०१५ मध्ये ‘द आफ्रिकन किंगडम्स’ आणि २०१६ मध्ये आग्नेय आशियावरची ‘राइज ऑफ द राजाज’ आली. संस्कृती ३१ झाल्या.

आता पेच असा की नव्या संस्कृती एचडीत, आणि उत्तम खेळाडू जुन्या आवृत्तीत. त्यावर तोडगा निघाला तोही मॉडरांकडूनच. ‘वोलोलोकिंगडम्स’ नावाच्या मॉडने एचडीतल्या सगळ्या नव्या संस्कृती उचलून जुन्या इंजिनात नेऊन बसवल्या. ‘वोलोलो’ ही पहिल्या भागातल्या पुरोहिताची साद. ती ऐकली की शत्रूचा सैनिक आपला होतो. मात्र हा मॉड चालवायचा तर एचडी आणि तिच्या पुरवण्या विकत घेतलेल्या असाव्या लागत, कारण चित्रे तिथूनच घेतली जात. म्हणजे लोक नवी आवृत्ती पैसे देऊन घेत होते, ती संगणकावर बसवत होते, आणि तिच्या फाइली जुन्या आवृत्तीला जोडून जुनीच आवृत्ती खेळत होते. व्यापाराच्या इतिहासात असा ग्राहक विरळाच.

ही दुफळी १४ नोव्हेंबर २०१९ रोजी आलेल्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ने बहुतांशी मिटवली. या वेळी मॉडरांची ती मंडळी ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाचा रीतसर स्टुडिओ झाली होती आणि ऑस्ट्रेलियातला टँटलस त्यांच्या जोडीला. सगळी चित्रे ४के पडद्यांसाठी नव्याने घडवली गेली, आंतरजालावरच्या सामन्यांची यंत्रणा बदलली, संस्कृती ३५ झाल्या. संगणकाचा सेनापतीसुद्धा चाहत्यांच्या परंपरेतून आलेला, फुकटचा साठा न घेता लढणारा. अनेक वर्षे हौसेने केलेल्या सोयी आता मूळ खेळाचा भाग झाल्या. २०२२ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात या खेळाची मोठी स्पर्धा भरली. पडद्यावर किल्ले पाडणारे लोक एका किल्ल्यात बसून ते पाडत होते.

भारतीय वाचकाला यातला एक धागा जास्त जवळचा वाटेल. २०१२ च्या मॉडने अख्खा उपखंड ‘इंडियन्स’ या एकाच नावाखाली कोंबला होता. त्यांना युरोपी पद्धतीचे चिलखती सरदार नव्हते. त्याऐवजी उंट आणि हत्तीवरचे धनुर्धर. पृथ्वीराजावर एक मोहीमही होती. पण बंगाल, तमिळ देश आणि दिल्ली यांची सेना एकच, हे कोणालाही खटकावे. युरोपातल्या छोट्या छोट्या सत्तांना स्वतंत्र स्थान मिळत असताना तर फारच. २८ एप्रिल २०२२ रोजी आलेल्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ने ती चूक बरीच सुधारली. जुन्या भारतीयांचे ‘हिंदुस्थानी’ झाले आणि गुर्जर, बंगाली, द्रविड अशा तीन नव्या संस्कृती आल्या. चक्र फेकणारे गुर्जर, रथ हाकणारे बंगाली, लवचीक उरुमी फिरवणारे द्रविड. राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा.

दख्खनची वेगळी संस्कृती मात्र यात नाही. शिवकाल नाही हे समजण्यासारखे आहे. कोरियातली १५९८ ची नोर्यांगची आरमारी लढाई ‘कॉन्करर्स’मध्ये होती आणि या खेळाचा काळ साधारण तिथेच थांबतो. पण देवगिरीचे यादव आणि नंतरचे बहमनी या काळात नेमके बसतात. देवगिरीसारखा दुर्ग तर या खेळासाठीच बांधला असावा, इतका चपखल आहे. ज्याला ही उणीव खुपते, त्याने एखाद्या जुन्या संस्कृतीच्या आकड्यांत फेरफार करून यादवांची सेना उभी करायला हरकत नाही. अवजारे फुकट आहेत आणि संपादकात दुर्ग रचायला परवानगी लागत नाही. सामना मांडताना समोरच्याकडेही तीच फाइल असल्याची तेवढी खात्री करून घ्यावी.